गौरीचं पोट

इंझोरी, बुधवार संध्याकाळ

आज अंगात त्राणच नाही. सकाळी पुन्हा गौरीचं पोट दुखलं, पुन्हा शाळा बुडली. डॉक्टर म्हणतात, पोटात काही नाही, मनात भीती आहे. कशाची, ते पोरगी सांगत नाही. मी तरी किती विचारू?

संध्याकाळी आम्ही तिघं तुरीच्या शेंगा सोलायला बसलो. सोलता सोलता तीच बोलली, "बाबा, वर्गात वाचताना माहा आवाज कापते. पोरी हासतात."

हे म्हणाले, "माहा बी कापते. ग्रामसभेत बोलाले उठलो का घसाच कोरडा पडते."

"तुमचा बी?" ती खुदकन हसली. मग स्वतःच पुस्तक घेऊन आली. आवाज कापत होता, तरी अख्खा धडा वाचला.

उद्या पोट दुखेलही. पण आज जेवताना तिनं आपणहून दुसरी भाकर मागितली.