अकराचा फोन उचला

मोनालीचे बाबा,

तुम्ही आंघोळीले गेले तवा लिहून राहिली. तोंडावर बोलणं मले जमणार नाही. मी शिवणाच्या क्लासले चालली.

आज कंपनीत जायले मौद्याची बस धरू नका. अकराले क्रेडिट कार्डवाल्यांचा फोन येईल. कार्ड तुमच्या नावाचं आहे, बायकोशी ते पक्कं बोलत नाहीत. व्याज कमी करा म्हणून मी सोमवारी तासभर भांडली. महिन्याचे साडेतीन टक्के दोनवर आणायले तयार आहेत, पण कार्ड बंद करतील. हो म्हणा.

कार्डाची थकबाकी दुसऱ्या बँकेच्या कमी व्याजाच्या कार्डावर फिरवायचं जमलं नाही. ते पगाराची नवी स्लिप मागून राहिले होते. तुमच्या बॅगेत जुनीच सापडली, म्हणून मी कंपनीत फोन लावला. दिवाळीपासून तुम्ही कामावर नाही म्हणाले.

दिवाळीपासून डबा तर रोज रिकामा येऊन राहिला. कुठं बसून खाता, ते मी विचारत नाही. आजचा ओट्यावर आहे. घरीच खा.

नोकरी आहे काय, असं फोनवर विचारतील. मले नाही सांगितलं, त्यांले तरी खरं सांगा.

रंजना