एक डबा, दोन्हीकडं इंजिन

८ जुलै १९९९, दौंड
शालनताईंनी आज अंगणवाडीत सुकडी वाटता वाटता सांगितलं, त्या मार्चअखेर निवृत्त होणार. सेविकेची जागा निघेल. मी मदतनीस, इतकी वर्षं पोरांची नाकं पुसतेय, त्यामुळे जागा मलाच असं धरून चालले होते. तर म्हणाल्या, "दहावी पास लागतं गं कुसुम. तुझा तो एक विषय राहिलाय ना?"
राहिलाय. विज्ञान. एकदा लग्नाआधी, एकदा अंगाला हळद लागलेली असताना. दोन्ही वेळा रसायनाची पानं कोरी.

१० जुलै
यांना सांगितलं. हे यार्डात शंटिंगला, दिवसभर डबे जोडायचे नि सोडायचे. पाय धुता धुता म्हणाले, "दे की मग परीक्षा. ऑक्टोबरला असती." जसं काही मिरच्या आणायला बाजारात जायचंय.
आत्या (सासूबाई) म्हणाल्या, "देऊ दी. मेंढरं राखत व्हते तवा मला कुणी इचारलं असतं, तर म्या बी दिली असती." झालं, ठरलं. मला कुणी विचारलंच नाही.

२५ जुलै
हवेचा धडा. नायट्रोजन ७८ टक्के, ऑक्सिजन २१, उरलेल्या एकात आरगॉन, कार्बन डायऑक्साइड वगैरे मंडळी. मोठ्यानं पाठ करत होते. आत्या शेंगा फोडत होत्या.
"त्यो अठ्ठ्याहत्तर करतो काय?"
"विशेष काही नाही आत्या. नुसता असतो."
"म्हंजी आपल्या भावकीवानी."
इतकी हसले की पुढचं विसरले. पण हा धडा आता जन्मात विसरायची नाही.

४ ऑगस्ट
सूत्रं. इथंच घोडं अडतं. पाण्यात हायड्रोजन दोन आणि ऑक्सिजन एक. का? उलटं का नाही? सकाळी पाठ, दुपारी साफ. मिरची वाटताना थोडं रडून घेतलं, म्हणजे कुणाला कळलं नाही.

५ ऑगस्ट
कळलं होतं. हे जेवण झाल्यावर पुस्तक घेऊन बसले. नववीपर्यंत शिकलेला माणूस. बराच वेळ नुसतं पान बघितलं. संयुजा: हायड्रोजन १, ऑक्सिजन २, नायट्रोजन ३, कार्बन ४.
"आगं, ह्ये तर हुक हाईत. हायड्रोजनला एक हुक, ऑक्सिजनला दोन. एकबी हुक मोकळा ऱ्हाता कामा नये. यवढाच नियम."
फरशीवर खडूनं काढून दाखवलं. मध्ये ऑक्सिजन, अलीकडं पलीकडं हायड्रोजन. "एक डबा, दोन्हीकडं इंजिन. झालं पाणी. लई सोयीची गाडी."
सोयीची का, ते मला माहीत आहे. पुण्याहून मनमाडकडं जाणाऱ्या गाडीचं इंजिन दौंडला सोडून दुसऱ्या टोकाला लावावं लागतं, आणि त्यात यांची पाठ जाते. दोन्हीकडं इंजिन असलेली गाडी म्हणजे यांचं स्वप्नच.
मला समजलं. खरंच समजलं. आत्यांना उठवून सांगावंसं वाटत होतं.

१२ ऑगस्ट
कार्बनला चार हुक, दोन्ही बाजूंना ऑक्सिजन, दोन दोन कपलिंगं, म्हणजे जोडण्या. तोच कार्बन डायऑक्साइड. आरगॉनला हुकच नाही, तो सायडिंगला, बाजूच्या रुळावर, एकटा उभा. नायट्रोजनचे दोन डबे एकमेकांना तीन कपलिंगांनी बांधलेले.
हे म्हणाले, "ह्यो माझ्या बापाच्यानं सुटायचा न्हाई. आपापल्यातच गुतलेत, मग काम कसं करतील?"
आतून आवाज आला, "भावकी म्हनले व्हते न्हवं म्या."
मी हळूच विचारलं, "आणि आपली किती कपलिंगं?"
"आय हाय तितं," म्हणाले, आणि कान लाल. ड्यूटीला निघताना सायकलवर टांग टाकली, मागं न बघता म्हणाले, "चार."
दोघांत चार कपलिंगं पुस्तकात कुठंच नाहीत. मी पाहिलं.

१६ सप्टेंबर
रोज एक नवा वायू घेऊन घरी येतात, लोक भाजी आणतात तसा. आज मिथेन. मध्ये एक डबा, चारी बाजूंना इंजिन. "ही गाडी जागची हालायची न्हाई," म्हणाले, पण जुळवली. यार्डातले यांना सायन्सवाले म्हणायला लागलेत. हे रागावल्याचं दाखवतात. छाती मात्र फुगलेली.

११ ऑक्टोबर, शिरूर
भावाकडं आहे. फॉर्म माहेरच्या जुन्या शाळेतूनच भरलाय. वहिनीनं दही-साखर हातावर ठेवली. भाऊ कारेगावच्या कंपनीत कामाला जाता जाता शाळेपर्यंत सोडून गेला. दारातली मुलगी म्हणाली, "मावशी, तुमचा मुलगा कुठल्या वर्गात बसलाय?"
पेपर हातात आला आणि डोकं धुतल्यासारखं कोरं. फक्त हुक उरले. मग म्हटलं, चला, गाड्या जुळवू. पाणी जुळलं. हवेतल्या वायूंची सूत्रं मागितली होती, तेही सगळे जुळले. एक हुक मोकळा ठेवला नाही. तिसऱ्या खेपेला पहिल्यांदा रसायनाची पानं भरली.
बाहेर दोन पोरी उत्तरं ताडून बघत होत्या. H₂O. N₂. CO₂.
आणि मी? HOH. NN. OCO. जशी गाडी तशी लिहिली. खालचा आकडा कुठंच नाही.
आमच्या जुन्या विज्ञानाच्या बाई भेटल्या. आधी हसल्या, मग माझा चेहरा बघून थांबल्या. "चूक म्हणता यायचं नाही गं. पण असं लिहीत नाहीत. आता तपासणाऱ्याच्या मनावर."

१२ ऑक्टोबर, दौंड
न्हावऱ्यावरून येणारी एसटी. स्टँडवर गर्दी. पलीकडून हे हात डोक्यावर नेऊन सावकाश खालीवर करत उभे. इंजिनवाल्याला "हळू पुढं ये" म्हणून करायची खूण. लग्न झाल्यापासून मला गर्दीत असंच बोलावतात. मीही इंजिनासारखी जाते.
"जुळल्या का गाड्या?"
"सगळ्या जुळल्या."
खोटं काहीच बोलले नाही. यांनी जिलेबी आणून ठेवली होती. माझ्या वाटची आत्यांच्या ताटलीत सरकवली.

२ नोव्हेंबर
फराळाचं चाललंय. हे प्रश्नपत्रिका घेऊन चुलीपाशी बसले. "पाण्याचं लिवलंस कसं?"
परातीतल्या पिठात बोटानं काढलं. HOH.
"आगं, आमच्या यार्डाच्या कागदावर डबा, डबा, डबा आसं लिवत न्हाईत. डबे तीन म्हणून लिवत्यात. मला वाटलं, त्येवढं तर तुला म्हाईतच आसंल."
मग यांना उमगलं, हे आपण सांगितलंच नव्हतं. उठून बाहेर गेले, सायकलची चेन उगाच साफ करत बसले. मला राग आला. यांचा नाही, त्या खालच्या एवढ्याशा दोनाचा.
मार्चला पुन्हा बसले तरी निकाल जूनला. तोवर जागा भरलेली असेल.

५ नोव्हेंबर
घरात वायूचं नाव नाही. शेवटी जेवताना म्हणाले, "म्या शिकवायला नगं व्हतं. गाडी घातली मी, घसरली तुझी."
मी सांगितलं, तुम्ही नसता तर पान पुन्हा कोरंच राहिलं असतं. कोऱ्या पानाला तपासणाऱ्यानं मनात आणलं तरी मार्क देता येत नाहीत. यावर दोन चकल्या जास्त खाल्ल्या.
या माणसावर माझा फार जीव आहे. इथं लिहून ठेवते. तोंडानं म्हणायची आमच्यात रीत नाही.

२० नोव्हेंबर
यार्डातून येताना खडू आणला. आता आकड्यांसकट लिहितात, खालचा दोन अगदी बारीक, जपून. "कशाला?" म्हटलं. "आसंच." आत्या म्हणाल्या, "त्योच बसतोय जणू मार्चला." हे हसले. बऱ्याच दिवसांनी.

१४ डिसेंबर, शिरूर
निकाल. यांनी रजा काढली. मी शाळेच्या फाटकापर्यंत आले आणि तिथंच थांबले, म्हणून हेच आत गेलेत. मी समोरच्या लिंबाखाली, पारावर. वही पिशवीत होती म्हणून लिहितेय, नाहीतर हातांचं काय करायचं.
श्वास घेतला. अठ्ठ्याहत्तर टक्के नुसताच. एकवीस उपयोगाचा.
आले. फाटकात थांबलेत. हातात कागद आहे. उन्हामुळे चेहरा दिसत नाही. मधून एक ट्रॅक्टर गेला, पुन्हा दिसले.
हात वर केलाय. डोक्यावर नेऊन, सावकाश खालीवर.
मी पास असले तरी यांची हीच खूण, नापास असले तरी हीच.
जाते.