मधला गंज मुद्दाम राखला आहे

तीर्थरूप काका,

पायांवर डोकं ठेवून नमस्कार (कंबर धरल्यामुळे मनातल्या मनात). तुमचा गुडघा काय म्हणतोय? काकूंचा खोकला? चष्म्याचं दुकान वेळेवर उघडता ना, की अजून गिऱ्हाइकाला दारात उभं करून आधी पेपर संपवता? मी बरा आहे, म्हणजे महिनाअखेरीपर्यंत बरा आहे. तेव्हा माझा करार संपतो, पुढचं साहेबांच्या हातात.

गेल्या मंगळवारी तुम्ही आमची प्रयोगशाळा पाहून गेलात, पण साहेब दर दोन मिनिटांनी डोकावत असल्यामुळे काही धड सांगता आलं नाही. लेझरचा झोत जात्याच मधे प्रखर आणि कडेला मिणमिणता असतो (आमच्या मीटिंगसारखा, मधल्या खुर्चीखेरीज कोणाच्या वाट्याला काही येत नाही). गंज उडवायला तो पत्र्यावर सोडला, की मधे पत्रा जळतो आणि कडेचा गंज जागच्या जागी. म्हणून आठ महिने डोळे फोडून मी एक भिंग आखलं. एक बाजू सपाट, दुसरी अशी वळवलेली, की मधला उजेड कडांना वाटला जावा आणि पत्र्यावर सगळीकडे सारखा तापणारा चौकोन पडावा. चौकोनच का, तर चौकोनाला चौकोन लावत गेलं की मधे फट राहत नाही. हे मी साहेबांना अकरा वेळा समजावलं. बाराव्या वेळी त्यांनी ते मला समजावलं.

बुधवारी वरच्या ऑफिसातल्या बाई प्रात्यक्षिक पाहायला आल्या. पत्र्याचं टेबल नेमकं कुठे हवं, त्याची मी जमिनीवर खडूने खूण केली होती. साहेबांनी ते फोटोत मावत नाही म्हणून (म्हणजे स्वतः मावत नाहीत म्हणून) वीतभर मागे ढकललं. मी "साहेब, खूण" एवढंच म्हणालो, तर म्हणतात, "अहो, खुणा पुसता येतात!" बटण दाबलं. पत्र्यावर उमटलं एक चकचकीत कडं, आणि त्याच्या मधोमध शर्टाच्या गुंडीएवढा गंज, जसाच्या तसा. मी खाली खडूच्या खुणेकडे पाहिलं. साहेबांची मात्र भुवईसुद्धा हलली नाही. "मधला गंज मुद्दाम राखलाय," ते म्हणाले, "तुलनेसाठी." बाईंनी टाळ्या वाजवल्या. मग ज्यांना गंज दिसला होता त्यांनीही वाजवल्या (मीही वाजवल्या, लपवत नाही). आता पुढल्या आठवड्यात अख्खं संचालक मंडळ हे कडं पाहायला येणार आहे. कडं पडलं की माझ्या करारावर सही. आठ महिन्यांच्या चौकोनाचं कोणी नावही काढत नाही. काका, फार वाईट वाटलं. पण दोन लेकरं आहेत, घर चालवायचंय, तेव्हा कडं तर कडं. साहेबांनी टेबल ढकललं नसतं तर ही वेळच आली नसती.

काकूंना नमस्कार. गुडघ्याला जपा, जिने चढू नका, उगाच प्रवास करू नका.

तुमचा,
भिंगात डोकं घातलेला पुतण्या

ता. क. टेबलाचा दोष नव्हता. काल सरावाला बसलो, टेबल खुणेवर आणलं, तरी कडंच. शेवटी भिंग चौकटीतून काढलं, तर ते उलटं बसवलेलं आणि त्यावर भला मोठा अंगठ्याचा ठसा. मंगळवारी मी चहा आणायला गेलो, तेव्हा तुम्ही ते सवयीने काढून, रुमालाने पुसून, चष्म्याच्या काचेसारखं फुगीर बाजू बाहेर करून परत बसवलंत ना? रागावलो नाही. भिंग स्वच्छ केलं, सुलटं बसवलं, बटण दाबलं. काका, चौकोन पडला! चारही कोपरे काटेकोर, गंजाचा कण नाही. खोलीत एकटाच होतो, तरी टाळ्या वाजवल्या.

ता. क. दुसरा. तेव्हापासून कडं पडत नाही. भिंग उलटं लावलं, तिरकं लावलं, माझा अंगठाही उमटवून पाहिला. कधी बटाटा पडतो, कधी भोपळा. तुमच्या हाताची सर नाही. तेव्हा गुडघ्याचं काय ते नंतर बघू, पत्र मिळताच निघा. रुमाल तोच आणा, आणि काकूंना सांगा, धुऊ नका.