मसुद्यातलं ‘असावी’

१४ नोव्हेंबर

चि. छोटूस,

आईचे आशीर्वाद. डिजिटल प्रक्षेपणाच्या नियोजन समितीचा मुख्य अभियंता झालास, तेव्हा पत्राच्या डोक्यावर ‘माननीय’ लिहावं की काय, असं क्षणभर मनात आलं. नाही लिहिलं. मी बरी आहे. खोकला कमी आहे. सूनबाईचा मुरगळलेला पाय कसा आहे? तिला जिने चढू देऊ नकोस.

मोबाइलवर काही लिहिलं की तू अंगठ्याचं चित्र पाठवतोस. याला तसं उत्तर देता येऊ नये, म्हणून कागद घेतला.

मला तुझा राग आलाय. आडवळणाने सांगत बसत नाही.

जुन्या टीव्हीवर बटण दाबलं की बातम्यांखाली अक्षरं यायची. तापात माझे कान गेले, तेव्हा ते बटण तूच मला दाखवलं होतंस. जुनं प्रक्षेपण बंद झालं, घरोघरी नवे बॉक्स आले आणि अक्षरं गेली. आधी वाटलं, मलाच जमत नाही. दुकानदाराने सगळी बटणं दाबून पाहिली आणि हात हलवून ‘नाही’ म्हणाला. मग तुमच्या कचेरीत तक्रारीच्या खिडकीवर गेले. तिथल्या बाईंनी ओठ दिसतील असं सावकाश सांगितलं, की बॉक्स कसा हवा याचं मानक समितीने ठरवलंय, आणि त्यात अक्षरांची सोय ‘असावी’ असं म्हटलंय. ‘असलीच पाहिजे’ असं नाही. मग बॉक्स बनवणारे ती कशाला घालतील? मसुदा कोणाचा, विचारलं. त्यांनी तुझं नाव सांगितलं. मी आभार मानून बाहेर आले.

म्हटलं, असू दे, निवेदिकेचे ओठ वाचू. तर एका वाहिनीच्या जागेत तुम्ही इतक्या वाहिन्या कोंबल्यात की ती जरा मान हलवते आणि तोंडाचे चौकोन चौकोन होतात.

हेही गिळलं असतं. पुढचं मात्र तुला सांगणारच नव्हते.

मी ‘सर्दीने बेजार आहे’ असं कळवलं होतं ना, ती सर्दी नव्हती. त्या दुपारी बर्फाच्या कारखान्यातून वायू सुटला. टीव्हीवर सांगत होते, दारं-खिडक्या लावून घ्या, बाहेर पडू नका. माझ्यासमोर नुसती एक गंभीर बाई आणि तिचे चौकोन. वाटलं, कोणी पुढारी गेला असेल. मी टीव्ही तसाच ठेवून गच्चीवर कपडे काढायला गेले. डोळे चुरचुरायला लागले, श्वास अडकला. खालची शिंपीण तोंडाला ओला पंचा बांधून वर आली. पंच्याआड ती काय ओरडत होती, मला काय कळणार? तिने दंडाला धरून ओढत खाली नेलं. दोन रात्री दवाखान्यात तीच माझ्याजवळ होती.

म्हणून या मानकावर तुमच्या समितीने ठेवलेल्या सुनावणीला आले. तुला चकित करायला नव्हे. नाव विचारलं तेव्हा ‘एक प्रेक्षक’ म्हटलं, चारचौघांत तुला अवघड नको म्हणून. घडलं ते सगळं सांगितलं. अध्यक्षांनी तुझ्याकडे बघितलं. तू उत्तर दिलंस, पण मान खाली घालून, कागदांकडे बघत. समोर बहिरी बाई उभी आहे हे त्या खोलीत तुझ्याइतकं कोणाला ठाऊक होतं? मला एक शब्द कळला नाही. मी आपली मान डोलावून खाली बसले.

तू काय बोललास ते माझ्यासोबत आलेल्या शिंपिणीने बाहेर आल्यावर सांगितलं, तेही मी तीनदा विचारल्यावर. सोय सक्तीची केली तर बॉक्स महागेल, म्हणालास. आणि म्हणालास, “अशा लोकांना घरची माणसं सांगतातच.”

कोण सांगतं रे मला? तुझे बाबा होते तोवर समोर खुर्ची ओढून बसायचे, सगळ्या बातम्या हातवारे करून सांगायचे, आणि हवामान तर असं की मी हसून हसून बेजार व्हायची. ते गेल्यापासून त्या खुर्चीत कोणी बसलेलं नाही. हे तुला माहीत नव्हतं असं म्हणू नकोस. मान उगाच खाली गेली नव्हती तुझी.

आणि काल तुझा माणूस खोकं घेऊन आला. बाहेरून मागवलेला बॉक्स, अक्षरं दाखवणारा. त्याने जोडूनही दाखवला. खरं सांगते, अक्षरं बघून डोळे भरले. मग मी तो काढायला लावला आणि त्याच्याबरोबरच परत पाठवला. त्याला रागावू नकोस. तुझ्या आईला बॉक्स मिळाला. जिचा मुलगा समितीत नाही, तिने काय करायचं? गच्चीवर जायचं?

मला भेट नको. तो एक शब्द बदल.

पुढच्या सुनावणीला मी येणार आहे, आणि या वेळी नातं सांगणार आहे. उत्तर देताना मान वर ठेव. बाकी सगळ्यांना ते अवघड वाटलं तरी चालेल, मला तुझं तोंड दिसलं पाहिजे.

तुझीच, आणि म्हणूनच गप्प न बसणारी,
आई