आमची छोटीशी चेष्टा

रवि. १३ जाने. २००२, देवास

थंडी. आज मराठी मंडळाच्या रविवारच्या बैठकीला पाचच जण. राजेशभियाने त्याच्या सायबर कॅफेचं शटर नेहमीसारखं अर्धंच वर केलं, म्हणजे गिऱ्हाईक येत नाही आणि सकाळभर सगळे कॉम्प्युटर आमचे. निखिल धारहून पहिल्या बसने आला, साइटचं पहिलं पान लिहून. देवास-धारच्या मराठी मंडळींसाठी साइट, आणि पहिलंच वाक्य: "ही आमची छोटीशी चेष्टा आहे."

देशपांडेकाकांना हसताना ठसका लागला. नि. कावराबावरा. हिंदी शाळेत शिकलेला, त्याच्या लेखी चेष्टा म्हणजे प्रयत्न. मी समजावलं, मराठीत चेष्टा म्हणजे थट्टा, टिंगल. "तर मग राहू दे ना मंजूताई, मस्त आहे." राहू दिलं. मंडळाचं नावही आता तेच.

रवि. १० फेब्रु.

हिंदी फॉन्टात 'दुसऱ्या' लिहिता येत नाही. तो अर्धा र त्यांना लागतच नाही, म्हणून केलाच नाही. ळ आहे तो नुसता नावाला. शेवटी पूर्ण फॉन्टच मी काढायला घेतलाय, माउसने, एकेक अक्षर. शाळेतून आले की घरच्या कॉम्प्युटरवर तेच. आई म्हणते, "पोळी गोल येत नाही आणि र गोल करत बसलीये." बाबा मात्र रविवारी विचारतात, "चेष्टेला नाही का जायचं?"

रवि. ३ मार्च

जमला. काकांनी आधी 'पुरणपोळी' टाइप केलं, मग 'वऱ्हाड'. दोन्ही नीट उमटलं. राजेशभियाला मराठी येत नाही, तरी म्हणाला, "भोत सुंदर है, मंजू." मला रडूच आलं, उगाच. शाळेत इतकी वर्षं गणित शिकवते, पण हे मी केलेलं, माझं.

नि.ने फॉन्टची कॉपी मागितली. आजोबांना दाखवायची म्हणे. दिली की.

रवि. १७ मार्च

नि. नाही आला. फोन केला तर घरी पाहुणे. काकाही आज गप्प गप्प.

बुध. २७ मार्च

बाबा चहा घेताना हिंदी पेपर मोठ्याने वाचतात. आज वाचलं, धार के युवक ने बनाया मराठी फॉन्ट. निखिलचा फोटो. इंदूरच्या कुठल्याशा कॉम्प्युटर इन्स्टिट्यूटने त्याला नोकरी दिली, फॉन्ट आता त्यांचा. खाली त्याचं वाक्य: "यह मेरी एक छोटी-सी चेष्टा है."

बाबा म्हणाले, "हे तुमचंच ना गं?"

हिंदीत वाक्य अगदी शुद्ध आहे. फक्त 'आमची'चं 'मेरी' झालंय. मी ते मराठीत वाचतेय, सकाळपासून.

गुरु. २८ मार्च

फोनवर नि.: "ताई, पेपरवाल्यांनी स्वतःच्या मनाने छापलं, मी थोडी असं म्हटलं." मग इन्स्टिट्यूटमध्ये काय सांगितलंस? तर म्हणे बस सुटते आहे. आणि हे घरच्या फोनवरून.

रवि. ३१ मार्च

भिया म्हणाला, "जाने दे यार, छोरा है." मी म्हटलं, "भिया, मेरा र है वो." हसला. मी नाही हसले.

काका चहाच्या ग्लासात बघत म्हणाले, "मला सांगितलं होतं त्याने, आधीच. त्याला नोकरी लागत होती. तुला काय, तुझी शाळा आहे."

म्हणजे त्या रविवारी गप्प होते ते यासाठी. नि.चा राग आहेच, पण काकांचा जास्त येतोय. माझ्याच फॉन्टात पुरणपोळी लिहिली त्यांनी. उठून आले. चहा तसाच ठेवून.

रवि. १४ एप्रिल

गेले नाही. आजही नाही. बाबांनी विचारलं नाही. कपाट आवरलं.

शनि. २० एप्रिल

शाळेतून येताना दुसऱ्याच एका कॅफेत मेल बघितली. नि.ची आहे, रोमन मराठीत. इन्स्टिट्यूटचं मराठी माहितीपत्रक छापायला गेलंय आणि छापताना 'ऱ्या' फुटतोय, पूर्ण पानभर. त्याला दुरुस्त करता येत नाही. ज्या फाइलीत मी अक्षरं काढली ती फक्त माझ्याकडे. साहेब विचारतायत, बनवलास तर सुधार. उद्या पहिल्या बसने भियाच्या कॅफेत येतोय.

शेवटी लिहिलंय, "ताई, चेष्टा नाही करत. नोकरी जाईल."

शब्द बरोबर वापरलाय. पहिल्यांदाच, मराठीतला. मीच शिकवला होता.

त्या फाइलीची फ्लॉपी पर्समध्ये टाकली, मग काढली. आता टीव्हीवर ठेवली आहे. आई विचारत होती, उद्या चेष्टेला जाणार असशील तर पोहे लवकर करते.

बघते, म्हटलं.