अंगठ्याला लागलेलं कुंकू

७ सप्टें., रवि.
शूटिंग रेंजवर पहिला दिवस. शिकवणारे सर रिटायर फौजी, आवाज अजून परेडचाच. रिकामं पिस्तूल कमरेवरून काढा, ठेवा, काढा, ठेवा. दरवेळी सेफ्टी विसरलो. सेफ्टी काढायचा खटका खाली न ढकलताच चाप ओढत बसलो. सर म्हणाले, खऱ्या वेळी असं केलंत तर साहेब, तुमचा फोटो भिंतीवर. हसलो, आणि पुढच्या खेपेला परत विसरलो.
खांदा अजून ठणकतो. उन्हाळ्यात अंबडला वर्कशॉपच्या गेटवर त्या दोघा गुंडांनी रॉड घातला तोच. कोर्टात त्यांना ओळखायचं बाकी आहे. लायसन त्यासाठीच काढलं.

१८ सप्टें.
परत धमकीचा फोन. "ओळखत नाही म्हण, सुखात राहशील." पोलिसांना कळवलं. सुनंदा म्हणते, तारखेला जाऊच नका. बायकोनंच असं बोलावं याचा राग आला. माझ्याही मनात तेच होतं, त्याचा जास्त.

२१ सप्टें., रवि.
दोनदा जमलं! सर म्हणाले, डोक्यानं करू नका, अंगठ्याला कळलं पाहिजे. घरी आरशासमोर सराव. सुनंदा दारातून बघून गेली. जेवताना म्हणाली, लेथवर हात चालत होता तेवढं बास होतं की.

२८ सप्टें., रवि.
अंगठा आपोआप चालतो आता. सरांनी चहा पाजला. येताना गंगापूर रोडला एक बाइक मागे मागे, हात कमरेवर गेला. दूधवाला निघाला. च्यायला.

२ ऑक्टो., दसरा
काल वर्कशॉपमध्ये मशिनींची पूजा झाली, आज घरी पिस्तुलाची. गोळ्या काढायला हव्या होत्या. नाही काढल्या, रिकामं ठेवायची भीती वाटते. होल्स्टरसकट पाटावर ठेवलं. सुनंदानं नेमकं खटक्यावरच कुंकू लावलं. आज पुसू नका म्हणाली. तसंच कमरेला लावलं.
तिन्हीसांजेला सगळ्या इंदिरानगरची लाईट गेली. मागचं दार उघडलं. अंधारातून कुणीतरी हात पुढे करून आत आलं.
"बाबा, सोनं घ्या."
ऋतू. लेक माझी, पुण्याहून न कळवता आलेली. तिच्या हातात आपट्याची पानं, माझ्या हातात पिस्तूल. कधी काढलं, आठवत नाही.
सुनंदा मेणबत्ती घेऊन धावत आली. म्हणाली, "सेफ्टी लावलेली होती ना?"
"होती."
लाईट आल्यावर बाथरूममध्ये जाऊन बघितलं. खटका खाली. अंगठ्याला कुंकू.

४ ऑक्टो., शनि.
ऋतू सकाळीच गेली. नेहमीसारखी पाया पडली. मला तिच्याकडे बघवेना. सुनंदा अजून माझं 'होती' खरं धरूनच आहे.
पिस्तूल रिकामं करून कपाटात ठेवलंय. सोमवारी कोर्टाची तारीख. पोलिस ठाण्यात जमा करून जावं, की... त्या दोघांची भीती होतीच, आता माझीही वाटते.
सुनंदानं विचारलं, उद्या रेंजवर जाणार का. चहाचा कप हातात होता. अंगठा कपाच्या कानावर खाली दाबत होता, मी थांबवेपर्यंत.