भाऊजींनी यांना कुठं नेलं

नाशिक, मार्गशीर्ष, शके १८५६

भाऊजींवर विश्वास ठेवला मी. यांचा सख्खा धाकटा भाऊ! सकाळी म्हणाले, "वहिनी, दादाला डॉक्टरांकडे नेऊन आणतो." मीच यांना तयार करून पाठवलं.

नेलं गंगेपलीकडच्या देवऋषीकडे. भूत उतरवायला खांबाला बांधलं. हे परतले ते मनगटांवर दोरीचे वळ घेऊन.

बसऱ्याच्या लढाईवरून येऊन इतकी वर्षं झाली, तरी फटाका वाजला की हे खाटेखाली शिरतात. डॉक्टर भाऊजींच्या देखतच म्हणाले होते, "हे वेड नाही, भूतबाधाही नाही. लढाईनं मनाला झालेली जखम आहे. त्यांना बोलू द्या." आणि हे बोलू लागले होते, मेलेल्या सोबत्याबद्दलसुद्धा. झोप लागू लागली होती.

भाऊजींना जाब विचारला. "लोक हसतात, वहिनी. माझ्या मुलीचं लग्न व्हायचंय." म्हणून दोरीनं बांधायचं?

वळांवर तेल लावायला गेले, तर यांनी हात मागे घेतला. "तुला ठाऊक होतं?"

देवाशपथ नाही म्हटलं. पटलेलं दिसलं नाही. यांनी खोलीची कडी आतून लावून घेतलीय. मी बाहेर ओसरीवर बसून लिहितेय.